मामाची टाचणी आणि मामीचे बुलबुल

माझा मामा शिंपी. पण नवे कपडे शिवणं त्याने कधीच सोडून दिलं. लोक तयार कपडे विकत आणतात आणि ते त्यांना नीट बसत नाहीत, यावर त्याचं घर चाललं. पँटची लांबी कमी करायची, बिघडलेली चेन बदलायची, पोट सुटलेल्याचा कोट बाजूने सोडायचा, आजारातून उठलेल्याचा आत घ्यायचा. घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीखाली मोटर लावलेलं मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीवर खुंट्यांना लटकलेले कपडे आणि प्रत्येकाला टोचलेली चिठ्ठी. त्यामागे स्वयंपाकघर, मग झोपायची खोली आणि तिच्या खिडकीबाहेर बाग. बाग म्हणायची आपली. चार खाटा टाकल्या तर पाचवीला जागा नाही एवढी. जास्वंदीचं कुंपण, एक लिंबाचं झाड, बऱ्याचशा कुंड्या, आणि पक्ष्यांना पाणी प्यायला ठेवलेलं पसरट मातीचं भांडं.

कामाच्या वेळी मामाच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत. त्यामुळे त्याचं बोलणं म्हणजे निरनिराळे ‘ह्म’. होकाराचा वेगळा, नकाराचा वेगळा आणि ‘हे कुठल्या गाढवाने शिवलंय’ याचा वेगळा. गिऱ्हाइकांना ते पाठ झाले होते.

टाचणी, म्हणजे त्याची मांजर, पडद्यांच्या गाठोड्यातून आली. एका बाईंनी दहा पडदे आणून टाकले, त्यांना खालून पट्टी लावून हवी होती. मामाने गाठोडं सोडलं तर आठव्या आणि नवव्या पडद्याच्या मध्ये राखाडी पट्ट्यांचं मूठभर पिल्लू. बाई म्हणाल्या, "अगं बाई, हे आमचं नाही हो." मामाने तोंडातल्या टाचण्या काढल्या, हे तो क्वचित करायचा, आणि म्हणाला, "पडदे शुक्रवारी घेऊन जा. हे राहू दे."

नाव मामीनं ठेवलं. दिवसभर ते पिल्लू कुठे आहे ते दिसायचं नाही आणि पाय पडला की मग कळायचं, म्हणून टाचणी.

पहिलं वर्षभर तिचं फार कौतुक झालं. लोकरीचे कपडे कुरतडणारे उंदीर तिने सहा महिन्यांत संपवले. मग ती बागेकडे वळली. नाकतोडे, फुलपाखरं, सरडे, एकदा चांगला तळहाताएवढा बेडूक. पालीची शेपटी वळवळत राहायची आणि टाचणी ती पंजाने उलटसुलट करत बसायची. आणलेलं सगळं ती मामाच्या पायाशी ठेवी, आणि मामा काम थांबवून म्हणे, "वा. शाबास. आता हे उचलायचं कोणी?" एकदा बँकेतल्या साहेबांनी कोट घातला, रुमालासाठी खिशात हात घातला आणि मेलेला सरडा बाहेर काढला. ते नुसते सरड्याकडे बघत राहिले. मामाने तो कोट धुऊन, इस्त्री करून स्वतः घरी नेऊन दिला.

अधूनमधून चिमणीही असायची. मामी पिसं झाडून काढायची आणि टाचणीला रागवायची. "तुला ताटलीत मिळत नाही का गं मेले? उपाशी ठेवतो का आम्ही तुला?" टाचणी डोळे मिटून घ्यायची आणि विषय संपायचा.

मामी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड. आयुष्यभर तिने माणसं आवाजावरून ओळखली. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ती आधी डोळे बारीक करी आणि मग म्हणे, "तुम्ही लाकडाच्या वखारीवाले ना? रोज सकाळी ट्रंक कॉल लावायचे ते?" निवृत्त झाल्यावर ऐकायला माणसं उरली नाहीत, तेव्हा तिने पक्षी धरले. नजर तिची यथातथाच. पण कुंपणात कोण बोलतंय, भांडणासाठी की जेवणासाठी, हे ती स्वयंपाकघरातून सांगायची. मला सगळे आवाज सारखेच वाटायचे. "अगं, सारखे कसे? ही चिमणी पिल्लांना हाक मारतेय, आणि ती बघ, ती उगाच चकाट्या पिटतेय."

तीन वर्षांपूर्वी मामी स्टुलावर चढून माळ्यावरची जुनी पिशवी काढायला गेली आणि खाली पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की तीन महिने फार हालचाल नको. मामाने तिचा पलंग ओढून खिडकीला टेकवला, गजांमधून बाग दिसेल असा. मी रजा काढून दीड महिन्यासाठी मदतीला गेले.

मी पोचले तेव्हा मामीनं दुखण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझा हात धरून म्हणाली, "हळू बोल. बुलबुलाने घरटं बांधलंय."

खिडकीपासून चार-पाच हातांवर, जास्वंदीच्या दाट फांद्यांत, वाटीएवढं घरटं. मी पुष्कळ वेळ बघत राहिले तेव्हा कुठे दिसलं. दोन पिल्लं होती. नर-मादी आळीपाळीने किडे आणायचे. मामीचं सगळं वेळापत्रक त्यावर बसलेलं. सकाळची गोळी पहिल्या फेरीनंतर, चहा दुसऱ्या फेरीनंतर. भेटायला येणाऱ्याने "कसं आहे आता?" असं विचारलं की ती म्हणे, "मोठ्याला पिसं फुटलीत. धाकटा जरा मागे आहे." येणारा गोंधळून मामाकडे बघायचा.

टाचणीला आत कोंडलेलं होतं. हा मामीचा हुकूम. मागचं दार बंद, झोपायच्या खोलीच्या खिडकीला जाळी. मामाने मान्य केलं, पण त्याचा जीव तुटत होता. टाचणी मागच्या दाराशी बसून जे रडायची ते ऐकून गिऱ्हाईकं विचारायची, "लहान मूल आलंय का घरात?"

माझ्या तिथल्या सहाव्या दिवशी सकाळी मी औषधं आणायला गेले. मामाकडे जाड कापडाच्या पँटी आल्या होत्या, त्या इस्त्री करून दुमडायच्या होत्या. इस्त्रीची वाफ साचली म्हणून त्याने स्वयंपाकघराची खिडकी उघडली, ‘दोन मिनिटं’ असं मनाशी म्हणून, आणि मशीनवर जाऊन बसला.

मामीला आधी ऐकू आलं. बुलबुलांचा आवाज एकदम बदलला, तुटक आणि खरखरीत झाला. तिने मान वळवली तर कुंपणाखाली राखाडी पट्टे. टाचणी पोट जमिनीला लावून बसलेली, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

"अहो!" मामी ओरडली. "अहो, ती बाहेर आहे! अहो!"

मशीन जाड कापडावरून धडधडत चाललं होतं. मामी ओरडत राहिली. उशाशी तांब्या होता तो तिने गजांवर आपटला. टाचणीने एकदा वर बघितलं आणि उडी मारली. फांदी हलली, घरटं तिरकं होऊन खाली आलं. एक बुलबुल पिल्लांवरून उठलाच नव्हता, तो तिच्या तोंडात होता. मामी जागेवरून उठू शकत नव्हती. तिने सगळं बघितलं.

मी आले तेव्हा मामा खोलीच्या दारात उभा होता, गळ्यात टेप, हातात खडू. मामी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आणि टाचणी पलंगावर, मामीच्या पायाशी बसलेली. मेलेला बुलबुल तिने पांघरुणावर ठेवला होता, नीट, मधोमध.

पडून मेलेल्या दोन्ही पिल्लांना आणि त्या बुलबुलाला मी कागदात गुंडाळून लिंबाच्या झाडाखाली पुरलं. हाताळताना माझ्या लक्षात आलं की पिल्लं अजून ऊबदार आहेत.

दुपारी मामी भिंतीकडे बघतच म्हणाली, "तिला कुठेतरी ठेवून या."

"माझी चूक आहे," मामा म्हणाला. "खिडकी मी उघडली."

"माहितीय मला. तुम्हाला कुठे ठेवून येणार?"

मामाचा एक मित्र गावाच्या दुसऱ्या टोकाला सोफे आणि गाद्या शिवायचा. त्याच्याकडे कापसाचे गठ्ठे आणि त्यात उंदरांचा सुळसुळाट. मामाने एका जुन्या चेनच्या पिशवीला कात्रीने दोन भोकं पाडली, भोकांच्या कडा हाताने शिवून घेतल्या, कारण उसवलेली कड त्याला बघवत नाही, आणि टाचणीला घेऊन चालत गेला. बसने गेला असता तर अर्ध्या तासात आला असता. परत यायला त्याला तीन तास लागले.

नंतरचे चार दिवस कठीण गेले. उरलेला बुलबुल समोरच्या तारेवर बसून बोलावत राहिला. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. मामी खिडकीकडे बघायची नाही, पण कान तिकडेच. मामा वेळेवर गोळ्या द्यायचा, उशी सरळ करायचा, जेवणाचं ताट आणायचा. दोघंही इतकी जपून बोलायची की मला गुदमरायला झालं. टेपचं टोक टेबलावरून लोंबत असायचं आणि त्याच्यावर कुणी झडप घालत नव्हतं.

चौथ्या दिवशी एका मुलीची पँट मामाने तिला दिली. ती घालून बघते तर एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड. मुलगी हसायला लागली. मामा हसला नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याने तिला नवीन पँट आणून देण्याचं कबूल केलं आणि ती फसलेली पँट मांडीवर घेऊन बसून राहिला.

त्या संध्याकाळी मामीनं त्याला हाक मारली. मी तिचे पाय दाबत होते. उठायला लागले तर म्हणाली, "तू बस."

मामा आला.

"तुमचं मशीन अडखळतंय," मामी म्हणाली. "चार दिवस ऐकतेय. दहा टाके चालतं आणि थांबतं. दहा टाके आणि पुन्हा थांबतं."

"ह्म," मामा म्हणाला. तोंडात टाचण्या नसतानासुद्धा.

"मी चार दिवस तिच्यावर संतापून बघितलं. पण ती आणून कुठे ठेवते हो? तुमच्या पायाशी. त्या दिवशी माझ्या पायाशी आणला. मी झोपून आहे, मला काही पकडता येत नाही, असं वाटलं असेल तिला." तिने पांघरुणाचा मधला भाग हाताने सारखा केला. "तिच्या परीने तिनं डबाच आणला मला. मला तो नको होता, हे तिला कोण सांगणार? एक्स्चेंजवर दोन लाइनी एकमेकींत शिरून भांडण जुंपलं तर आम्ही कुणाची लाइन तोडत नव्हतो. एकाचं दुसऱ्याला ऐकू येऊ नये एवढं बघायचो. घेऊन या तिला. पण या वेळी नुसती दारं लावून भागायचं नाही. काहीतरी डोकं चालवा."

मामा दुसऱ्या दिवशी दुकान न उघडताच गेला. त्याला वाटलं होतं, टाचणी बिचारी कोपऱ्यात उपाशी बसलेली असेल. ती गठ्ठ्यांच्या सगळ्यात वर पसरली होती. पाच दिवसांत तिने नऊ उंदीर मारले होते, आणि गादीवाला तिला सोडायला अजिबात तयार नव्हता. "असं कामाचं माणूस मी चाळीस वर्षांत बघितलं नाही," तो म्हणाला. शेवटी मामाने त्याचे तीन जुने कोट ढिले करून द्यायचं कबूल केलं, तेव्हा सुटका झाली. घरी आल्यावर टाचणीने दोन दिवस मामाकडे पाठ केली. मामीच्या उशाशी जाऊन झोपली. मामीनं तिला हात लावला नाही, पण हाकललंही नाही.

मामा तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तो आयुष्यात स्वतःसाठी डॉक्टरकडे गेलेला नाही. सगळी हकिगत सांगून त्याने विचारलं, "पोटभर खायला असतं. तरी का करते?"

"भूक वेगळी आणि शिकार वेगळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट भरलेलं असलं तरी समोर काही हललं की हिचे पंजे शिवशिवणार. तुम्ही नाही का, लग्नाला जेवायला गेलात तरी लोकांच्या कपड्यांची शिलाई बघत असाल?"

मामा ओशाळला. खरंच होतं ते.

त्यांनी सांगितलं, दुधात ब्रेड कालवून देणं बंद करा, मांसमासळी द्या. रोज संध्याकाळी जेवणाआधी खेळवा, अगदी दमेपर्यंत. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर सोडू नका, पक्षी तेव्हाच खाली उतरतात. आणि गळ्यात घंटा बांधून बघा.

घंटा आठ दिवस चालली. नवव्या दिवशी मामी म्हणाली, "ती कुठे आहे?" आम्ही बघितलं तर टाचणी पलंगाखालून निघून दाराकडे चालली होती आणि घंटा मुकी. मान ताठ, पाऊल इतकं हळू की घंटेतला लोलक हलतच नव्हता. बत्तीस वर्षं घंटा ऐकलेल्या बाईला तिने फसवलं म्हणून मामीला जरा अभिमानच वाटला.

खेळाचं मात्र जमलं. मामाने अस्तराची लांब पट्टी कापून तिच्या टोकाला कापडाचा बोळा शिवला. रोज संध्याकाळी तो ती पट्टी टेबलाखालून, कपड्यांच्या मागून, दारावरून ओढायचा. सत्तरीला टेकलेला माणूस हातापायांवर रांगतोय आणि गिऱ्हाईक पँट घेऊन उभं आहे, हे दृश्य मी स्वतः बघितलं. "पाच मिनिटं थांबा," मामा जमिनीवरून सांगायचा. "हिचं व्हायचंय."

गळपट्ट्याची गोष्ट मात्र अगदी योगायोगाने घडली. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाने बारा जाकिटं आणून दिली होती, त्याच्या माणसांना ढगळ होत होती म्हणून. झगझगीत नारिंगी रंगाची, वर पिवळे पट्टे. ती धुळीने माखली होती. मामाला मळक्या कपड्यावर सुई चालवायला आवडत नाही. त्याने ती धुतली आणि मागच्या दोरीवर वाळत घातली.

दुपारी मामीची हाक आली. "अहो, ते काय लावलंय तिकडे? काढा आधी. सकाळपासून एक चिमणी भांड्यावर उतरली नाही. येतात, लांबूनच बघतात आणि उलट्या जातात."

मामा जाकिटं काढायला बाहेर गेला. दोन काढली आणि तिसऱ्याला हात लावून थांबला. तिथूनच त्याने खिडकीकडे बघितलं. मामीही त्याच्याकडे बघत होती.

"तुमच्या मनात आलं तेच माझ्या आलं का?" मामी म्हणाली.

जाकिटं आखूड केल्यावर जे कापड उरलं ते मुकादमाने खुशाल ठेवून घ्या म्हणून सांगितलं. पक्ष्यांना टाचणी लांबूनच दिसावी म्हणून त्या कापडाचा झालरीचा गळपट्टा करायला मामाने तिच्या मानेचं माप घेतलं. मापाच्या टेपला ती जन्मभर शत्रू समजत आलेली, त्यामुळे मामाच्या मनगटावर तीन ओरखडे उठले. पहिला गळपट्टा फार रुंद झाला, पाणी प्यायला वाकली की भिजायचा. दुसरा ढिला, त्यातून तिने पुढचा पाय काढला आणि तिरकी होऊन बसली. तिसरा बरा होता, पण मामाला रात्रभर काळजी लागली की कुठे फांदीत अडकला तर गळफास बसेल. म्हणून चौथ्याला त्याने एक टिचबटण लावलं, जोरात ओढ बसली की आपोआप सुटणारं. ते त्याने आधी स्वतःच्या मनगटाला बांधून, दाराच्या कडीत अडकवून, पंधरा-वीस वेळा ओढून बघितलं. मामी ते आवाज मोजत होती. "पुरे आता," ती म्हणाली. "कडी निघेल."

तो घातल्यावर टाचणी पहिल्यांदा मागे मागे चालायला लागली, भिंतीला टेकेपर्यंत. मग तास दीड तास एका जागी दगडासारखी बसली. मामा तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला. जेवणाच्या वेळी ती उठली. नारिंगी झालरीतून तिचं तोंड असं दिसत होतं की मामी हसता हसता "आई गं, माझा खुबा" म्हणाली, आणि पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. मुकादम जाकिटं न्यायला आला तेव्हा टाचणी उंबऱ्यावर बसलेली. त्याने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ही आमच्या खात्यात कधी लागली?"

आता ती बागेत उतरायची ते सूर्य चांगला वर आल्यावर, झालर घालून. कुंपणाखाली दबा धरून बसायची, पूर्वीसारखीच. पण ती तिथे पोचायच्या आतच चिमण्या बोंबाबोंब करून लिंबाच्या शेंड्यावर जायच्या. ती वर बघायची, मग जणू काही आपण उन्हात बसायलाच आलो होतो अशा थाटात पाय चाटायला लागायची. सगळं काही थांबलं असं मात्र नाही. उंदरांना त्या रंगाचा काही फायदा झाला नाही, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सरडे अधूनमधून यायचेच. पाऊसकाळात दोन बेडूक आले. एकदा पट्टा धुवायला काढलेला असताना तिने एक चिमणी मारली, आणि मामा दिवसभर स्वतःवर चिडून होता. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक पट्टा शिवला, धुवायच्या दिवसासाठी. त्या वर्षात पाखरू असं तेवढंच.

पुढच्या वर्षी मामी काठी घेऊन बागेत चालायला लागली होती. एका रविवारी तिचा फोन आला. "घरटं," ती एवढंच म्हणाली. बुलबुल पुन्हा आले होते. तेच की दुसरे कुणास ठाऊक. मामीला विचारलं तर ती म्हणाली, "आवाज नवे आहेत."

या वेळी पट्ट्यावर भिस्त ठेवायची नाही, असं दोघांनी ठरवलं. बसलेल्या पक्ष्याला रंग दिसून काय उपयोग? तो अंड्यांवरून उठत नाही. टाचणी महिनाभर घरात. मामाने दुकानाच्या दारावर पाटी लावली, ‘मांजर आत आहे. दार लगेच लावा.’ स्वयंपाकघराच्या खिडकीला त्याने जाळी ठोकली. ठोकताना खिळा वाकडा गेला तर उपटून पुन्हा ठोकला. इस्त्री तो दुकानाच्या ओट्यावर नेऊन करू लागला, उन्हात, घाम पुसत. संध्याकाळचा खेळ दुप्पट झाला. टाचणी तरीही रडायची. मामा तिला उचलून झोपायच्या खोलीच्या खिडकीशी नेई आणि दोघं जाळीतून बाहेर बघत उभी राहत. "बघायचं फक्त," तो तिच्या कानात सांगायचा. तिचे दात कटकट वाजत असायचे.

तीन पिल्लं झाली. मी शेवटच्या आठवड्यात गेले होते. ज्या सकाळी ती निघायची होती त्या सकाळी आम्ही तिघंही खिडकीशी होतो. मोठं पिल्लू फांदीवर आलं, हललं, खाली घसरलं, पंख फडफडवून कुंडीच्या काठावर बसलं. तासाभराने दुसरं. दोघं आईबापांच्या मागे मागे, अडखळत, लिंबाच्या झाडात शिरली.

तिसरं आलं नाही. दुपारी मामीनं मला बघायला पाठवलं. ते घरट्याखाली, मुळांपाशी मरून पडलं होतं. अंगावर ओरखडा नव्हता. मी ते ओंजळीत घेऊन खिडकीशी आले, आणि मामाने एकदम मागे वळून टाचणी कुठे आहे ते बघितलं. ती मुकादमाच्या नव्या जाकिटांच्या ढिगावर गाढ झोपली होती.

"हिने नाही," मामी म्हणाली.

"नाही ना," मामा म्हणाला.

"सगळीच वाढत नाहीत. असं होतं." तिने जाळीची कड उचलून गजांतून हात बाहेर काढला आणि मी ते पिल्लू तिच्या तळहातावर ठेवलं. तिने त्याच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं. मग तिने ते मामाकडे दिलं, आणि मामा ते घेऊन स्वतः लिंबाच्या झाडाकडे गेला. तो बराच वेळ तिथे खाली बसलेला दिसत होता.

बुलबुल आणखी आठवडाभर कुंपणाच्या आसपास पिल्लांना भरवत होते. मग एका सकाळी मामीनं पुष्कळ वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "गेले. पिल्लंही उडाली आता. सोडा तिला."

मामाने टाचणीला पट्टा घातला, बटण दोनदा ओढून बघितलं आणि मागचं दार उघडलं. महिनाभर त्या दारासाठी रडलेली टाचणी उंबऱ्यावर येऊन थांबली. हवा हुंगली. मग एक एक पाय टाकत बागेच्या मधोमध गेली आणि तापलेल्या मातीवर पाठ घासत लोळायला लागली. चिमण्यांनी वरून कोलाहल केला. मामी काठी टेकत बाहेर आली आणि कुंडीशेजारच्या खुर्चीवर बसली. मामाचा एक जाडजूड पडदा अर्धा शिवायचा राहिला होता, तो शिवायला मामा आत गेला आणि मशीन न अडखळता चालायला लागलं.